एकमेकींना जामीन

मुंबईच्या गिरणगावात, लालबागच्या चाळीत माझ्या आजीची खानावळ होती. दहा बाय बाराची खोली, एक चूल, आणि भिंतीकडेने मांडी घालून जेवणारी पंधरा-वीस माणसं. कोकणातून, साताऱ्या-कोल्हापूरकडून आलेला गिरणीकामगार बायकापोरं गावी ठेवून मुंबईत राही. ट्रंक आणि वळकटी गावकीच्या खोलीत, जेवण अशा एखाद्या बाईकडे. पहिली पाळी सकाळी सातला सुरू होई, म्हणून आजी पहाटे तीनला भाकऱ्या थापायला बसे. रातपाळी सुटली की दुसरी पंगत. कुणाचे किती खाडे झाले ते ती दाराच्या मागे खडूच्या रेघांनी मांडून ठेवी. तिला अक्षरओळख नव्हती, पण तिच्या हिशेबावर कुणी कधी वाद घातला नाही.

तिची गाठ होती ती वाण्याशी. कामगारांचे पैसे पगार झाल्यावर मिळायचे. तांदूळ, रॉकेल, सुकट मात्र रोज लागायचं. मधले दिवस उधारीवर काढायचे. उधारीचा भाव चढा, माल तो देईल तो. घरात आजारपण निघालं की सावकार, आणि मग मंगळसूत्र गहाण. आजी सांगायची, "वीस माणसं माझ्या ताटावर जेवायची आणि माझं ताट वाण्याच्या हातात." गिरणीकामगारांच्या १९७४ सालच्या ४२ दिवसांच्या संपात पगार थांबले, पंगती थांबल्या नाहीत. संप मिटला, माणसं कामावर गेली. बायकांच्या डोक्यावरची उधारी तशीच राहिली.

हे सगळं प्रेमाताई पुरव जवळून बघत होत्या. गोवा मुक्तिसंग्रामातून आलेल्या प्रेमाताई कामगार चळवळीमुळे गिरणगावात मुरलेल्या होत्या. संपात ज्यांनी कामगार जगवला, त्यांचं नाव कुठल्याच मागणीपत्रात नाही, हे त्यांनी हेरलं. १९७५ साली त्यांनी 'अन्नपूर्णा महिला मंडळ' उभं केलं. १९६९ साली बँकांचं राष्ट्रीयीकरण झालेलं होतं, गरिबांसाठी ४ टक्के व्याजाची कर्जयोजनाही आलेली होती. अडचण एवढीच की खानावळवाली तारण काय ठेवणार? मंडळाने तोड काढली: बायकांचे गट करायचे आणि एकीला बाकीच्या जामीन राहणार. बँक ऑफ बडोदाने पहिल्या १४ जणींना प्रत्येकी १,५०० रुपये दिले.

आजीच्या शेजारच्या मावशी अशाच एका गटातल्या. बँकेत शिरताना त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या होत्या, हे त्या शेवटपर्यंत सांगत. आतल्या कारकुनाने पुढे सरकवलेल्या कागदावर अंगठा न उठवता त्यांनी सही केली. त्यासाठी चार रात्री मुलीच्या पाटीवर नाव गिरवलं होतं. त्या महिन्यात पहिल्यांदा तांदळाचं पोतं रोखीने आलं. हप्ता चुकायला लागला की गटातली एखादी दारात उभी राही, पण ओरडायला नव्हे. आधी विचारी, "घरात काय झालंय?" नवऱ्याचं पिणं, मुलीची शाळा, मारहाण, सगळं त्या दारात बोललं जाई. कर्जासाठी जमलेल्या बायका अशा एकमेकींच्या संसाराला जामीन राहिल्या.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतले कितीतरी परत आत गेलेच नाहीत. जेवणारी माणसं गावी निघून गेली, खानावळी ओस पडल्या. ज्या घरात बाईच्या हाताला काम होतं, त्या घराची चूल पेटती राहिली. कुणी ऑफिसांचे डबे धरले, कुणी पापड-मसाले केले, लग्नकार्याच्या ऑर्डरी घेतल्या. मंडळानेही खानावळीच्या पलीकडे जाऊन स्वयंपाकाचं प्रशिक्षण, मोठ्या ऑर्डरी असं काम वाढवलं.

पुढे गिरण्यांच्या जागी मॉल आले, टॉवर आले. त्याला गिरणगावाचा कायापालट म्हणतात. माझ्या लेखी हा भाग सावरला तो त्याआधी, गिरण्या बंद पडलेल्या वर्षांत, मुलं शाळेतून काढली गेली नाहीत तेव्हा. म्हणून वस्ती सुधारण्याची कुठलीही नवी योजना वाचली की मी आधी एवढंच शोधते: तिथे रांधणाऱ्या, शिवणाऱ्या, डबे पोचवणाऱ्या बाईला कर्ज कोण देणार, आणि तिच्या नावावर काय राहणार? हे ज्या योजनेत लिहिलेलं नाही, तिच्यातून इमारती उभ्या राहतील. वस्ती उभी राहणार नाही.