गोदी बुडाली, पण ती होती कुणाची?

टायटॅनिक कशी बुडाली हे शाळकरी पोरालाही माहीत असते. ती बांधणारी बेलफास्टची हारलँड अँड वुल्फ कंपनी कशी बुडाली, हे मात्र कुणी विचारत नाही. 1861 साली सुरू झालेली ही कंपनी दुसऱ्या महायुद्धात सुमारे 35,000 कामगारांचे पोट भरत होती. पुढे विमाने आली, बोटीने जाणारे प्रवासी आटले. जपान-कोरिया स्वस्तात जहाजे बांधू लागले. 1977 ला राष्ट्रीयीकरण, 1989 ला खासगीकरण, आणि 5 ऑगस्ट 2019 ला दिवाळे. तेव्हा उरले होते सव्वाशेच्या आसपास कामगार.

त्यांनी नऊ आठवडे गोदीच्या फाटकावर ठाण मांडले. नवा मालक मिळेपर्यंत हलले नाहीत. (2024 ला पुन्हा तीच गत झाली, तो भाग वेगळा.) त्यांना आमचा मनापासून जय भीम. पण आपले डावे मित्र ही कहाणी 'भांडवलाने कामगाराला मारले' इथेच संपवतात. आम्ही विचारतो, कुठल्या कामगाराला?

21 जुलै 1920. बेलफास्टच्या गोद्यांमधून कॅथलिक कामगारांना मारहाण करून हाकलले गेले. जीव वाचवायला काहींनी पाण्यात उड्या टाकल्या, तर वरून रिव्हेट फेकून मारले. त्यांची बाजू घेणारे प्रोटेस्टंट समाजवादीही सुटले नाहीत. हे करणारा मालक नव्हता. शेजारी उभा राहून हातोडा मारणारा कामगारच होता. पुढे 50 वर्षांनीही हारलँडच्या सुमारे 10,000 कामगारांत कॅथलिक जेमतेम 400 होते.

कॅथलिक म्हणजे अस्पृश्य नव्हेत. तुलना आम्ही ताणत नाही. पण जात कामगारांनाच एकमेकांपासून तोडते, हे बाबासाहेब का सांगत होते ते इथे कळते. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त, आणि तिथेच अस्पृश्यांना मज्जाव. कारण काय, तर बाबीन बदलताना धाग्याचे टोक धोट्यातून तोंडाने ओढावे लागे. विटाळ होई! 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे मांडला, तेव्हा त्यांनाच संपफोडे ठरवणारे निघाले.

1982 च्या संपानंतर गिरण्याही गेल्या. गिरणगावावर हळवे लेख अजून निघतात. त्यांत हा तोंडाने ओढायचा धागा आम्हाला क्वचितच सापडतो.