रिम आणि उष्णता : स्वस्त कार्बन चाकामागचा दीर्घ इतिहास

१/
११ जुलै १९३५. टूर द फ्रान्सचे स्पर्धक आल्प्समधील गालिब्ये घाट उतरत होते. त्या उतारावर फ्रान्सिस्को सेपेदा हा स्पॅनिश सायकलपटू कोसळला आणि तीन दिवसांनी मरण पावला. अपघाताचा संशय ज्या वस्तूवर घेतला गेला, ती होती नव्याने प्रचारात येऊ पाहणारी ड्युरालुमिन धातूची रिम.

२/
आज रोड सायकलसाठी परवडणारी कार्बन रिम निवडणाऱ्यासमोर वजन, खोली, रुंदी आणि किंमत असे अनेक आकडे असतात. त्या आकड्यांमागचा मूळ प्रश्न मात्र १९३५ सालचाच आहे : ब्रेक दाबल्यावर निर्माण होणारी उष्णता जाते कुठे? स्वस्त कार्बन रिम विश्वासार्ह कशी ठरली, याचे उत्तर याच प्रश्नाच्या इतिहासात सापडते.

३/
तारांच्या आऱ्यांचे चाक पॅरिसच्या यूजीन मेयर यांच्या १८६९च्या पेटंटपासून ओळखले जाते. कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्ली यांनी १८७४मध्ये आरे हबला स्पर्शरेषेत जोडण्याची रीत आणली. अशा चाकात आरे ताणलेले असतात आणि रिम सर्व बाजूंनी आत दाबली जात असते. पुढे ब्रेकचे रबर याच रिमवर घासू लागले आणि तिच्यावर दुहेरी जबाबदारी आली : भार पेलणे आणि घर्षण सोसणे.

४/
विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शर्यतीच्या रिम बहुधा लाकडी असत. टायर त्यांवर डिंकासारख्या द्रव्याने चिकटवलेले असत. टूरचे संस्थापक आंरी देग्रांज यांना धातूच्या रिमचे भय वाटे. उतारावर ब्रेकने तापलेला धातू चिकटद्रव्य वितळवील आणि टायर निसटेल, ही त्यांची शंका. लाकूड उष्णतेचे दुर्वाहक असल्याने तो धोका टळत असे.

५/
१९३४मध्ये माविक या फ्रेंच कंपनीच्या ड्युरालुमिन रिम वापरून आंतोनँ माञ यांनी टूर जिंकली. धातू ओळखू येऊ नये म्हणून त्या रिम लाकडासारख्या रंगवल्या होत्या, अशी हकीकत सांगितली जाते. पुढच्याच वर्षी सेपेदा यांचा मृत्यू झाला आणि देग्रांज यांची शंका निराधार नव्हती, असे अनेकांना वाटले.

६/
तरीही पुढील अर्धशतक ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंचेच ठरले. चिकटद्रव्ये सुधारली, शिवाय ॲल्युमिनियम उष्णता एका जागी साठवत नाही. ती साऱ्या रिमभर पसरते आणि वाऱ्याच्या स्वाधीन होते. ब्रेकच्या दृष्टीने हा धातूचा फार मोठा गुण, आणि कार्बनकडे नेमका तोच नव्हता.

७/
कार्बन तंतूंचे आधुनिक तंत्र विमानविद्येच्या गरजांतून वाढले. १९६०च्या आसपास ओसाका येथे अकिओ शिंदो यांनी आणि त्याच दशकात इंग्लंडच्या फार्नबरो येथील शाही विमान संशोधन संस्थेने त्याचा पाया घातला. १९७१मध्ये जपानच्या तोरे कंपनीने व्यापारी उत्पादन सुरू केले. तंतू विलक्षण ताकदीचे, परंतु त्यांना आकार देऊन बांधून ठेवते ती राळ, बहुधा इपॉक्सी.

८/
सायकलच्या चाकांना नवी दिशा दिली ती हवेच्या अडथळ्याविरुद्धच्या लढाईने. जानेवारी १९८४मध्ये फ्रांचेस्को मोझेर यांनी मेक्सिको सिटीत भरीव चकतीसारख्या चाकांवर एका तासात ५१.१५१ किलोमीटर अंतर कापले. अमेरिकेत स्टीव्ह हेड आणि रॉबर्ट हॉग यांनी खोल, फुगीर कडेच्या रिमचे पेटंट घेतले. १९८८मध्ये स्थापन झालेल्या झिप कंपनीने पुढे त्याचा परवाना मिळवला.

९/
कार्बनची चाके नाजूक असतात, हा समज दीर्घकाळ टिकला. २०१०मध्ये फाबियान कान्चेलारा यांनी पॅरिस-रूबे ही दगडी फरसबंदीवरून जाणारी शर्यत कार्बन चाकांवर जिंकली, तेव्हा मजबुतीविषयीची शंका बरीचशी मावळली. उष्णतेची मात्र उरली.

१०/
चिकटवण्याच्या टायरमध्ये हवेचा दाब टायरच स्वतःत कोंडून ठेवतो. कडेत अडकणाऱ्या टायरमध्ये तोच दाब रिमच्या भिंती सतत बाहेर ढकलतो. लांब घाटात ब्रेक दाबून धरल्यास कार्बनचा पृष्ठभाग तापतो. उष्णता पटकन पसरत नाही, राळ मऊ पडते आणि दाबाखालची भिंत फुगते किंवा तिचे थर सुटतात. गालिब्येवर प्रश्न डिंकाचा होता. येथे तो राळेचा झाला.

११/
महाग रिमची किंमत केवळ कार्बनची नसते. एका रिममध्ये सहसा अर्धा किलोही माल नसतो. उष्णता सोसणारी राळ, हाताने एकेक तुकडा नेमक्या दिशेने बसवण्याची मजुरी, साचे, चाचण्या आणि सदोष माल बाजूला काढण्याची शिस्त, या सर्वांचा खर्च तिच्यात असतो. त्यात जाहिरात आणि शर्यतीच्या संघांचे प्रायोजकत्वही मिसळते.

१२/
याच सुमारास उत्पादनाचा भूगोल बदलला होता. तैवानमध्ये १९७२पासून जायंटसारख्या कंपन्या वाढल्या आणि पुढे कारखानदारी चीनच्या किनाऱ्यावरील शेन्झेन, शियामेन अशा शहरांत पसरली. दुसऱ्यांच्या नावाने माल बनवण्याचे कौशल्य तेथे साचत गेले. फुगीर रिमच्या पेटंटची मुदत संपल्यावर ती आकृतीही सर्वांना खुली झाली. शियामेनच्या लाइट बायसिकलसारख्या उत्पादकांनी मग थेट ग्राहकालाच रिम विकायला आरंभ केला.

१३/
निर्णायक कलाटणी मात्र ब्रेकने दिली. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने रोड शर्यतींत डिस्क ब्रेकचा प्रयोग आरंभिला. २०१६च्या पॅरिस-रूबेत एका स्पर्धकाने आपल्या जखमेचा दोष डिस्कला दिल्यावर तो थांबवला, पुढच्या वर्षी पुन्हा सुरू केला आणि १ जुलै २०१८पासून डिस्कला कायमची मान्यता दिली. घर्षण हबजवळच्या पोलादी चकतीवर गेले आणि ब्रेकची उष्णता रिमपासून दूर झाली.

१४/
परवडणाऱ्या कार्बन रिमचे खरे रहस्य ते हेच. तिला आता खास राळेची किंवा घर्षण सोसणाऱ्या कडेची पूर्वीइतकी गरज उरली नाही. जो दोष स्वस्त मालात सर्वांत घातक ठरू शकत होता, त्याला उद्भवायची संधीच राहिली नाही. त्यामुळे निवडीचा पहिला नियम हा : डिस्क ब्रेक असेल तर स्वस्त कार्बनचा विचार निर्धास्तपणे करावा, ब्रेक रिमवर असेल आणि मार्गात लांब घाट असतील, तर ॲल्युमिनियमच शहाणपणाचे.

१५/
दुसरा नियम टायरचा. ज्या रिमच्या कडेला आतून आकडा नसतो, तिच्यात आंतरराष्ट्रीय मानकांनुसार ५ बारपेक्षा अधिक दाब भरता येत नाही आणि तिला मान्य असलेलेच टायर चालतात. अरुंद टायर आणि चढा दाब वापरणाऱ्याने आकड्याची रिमच घ्यावी. काही ग्रॅमची बचत कडेच्या भक्कमपणापुढे क्षुल्लक आहे.

१६/
तिसरा नियम बांधणीचा. एकेका आऱ्यावर साधारण १०० ते १२० किलो वजनाइतका ताण येतो. रिमच्या छिद्रांना तो वर्षानुवर्षे पेलावा लागतो. म्हणून उत्पादकाने कमाल ताण स्पष्ट सांगितलेला असावा. वजनदार स्वाराने २० ऐवजी २४ किंवा २८ आऱ्यांची रिम निवडावी. आरे मागवण्यापूर्वी रिमचा आतील व्यास स्वतः मोजावा, कारण छापील आकड्यातील दोन-तीन मिलिमीटरची चूकही आरे निकामी करते. ताण समान असेल तर सायकल दुकानात ज्याला ‘आउट काढणे’ म्हणतात, त्याची पाळी क्वचितच येते.

१७/
चौथा नियम नावाचा. स्वतःच्या नावाने विकणारा, चाचण्या जाहीर करणारा आणि हमी पाळणारा अल्पपरिचित उत्पादक एक. प्रसिद्ध कंपनीचे खोटे लेबल लावणारा दुसरा. दोघांची किंमत सारखी असू शकते. परंतु जो बाहेरच्या नावाविषयी खोटे बोलतो, त्याच्या आतील थरांवर विश्वास ठेवायला आधार उरत नाही.

१८/
देग्रांज यांची लाकडाविषयीची निष्ठा पुढे हास्यास्पद वाटू लागली. पण त्यांनी विचारलेला प्रश्न चुकीचा नव्हता. लाकूड, धातू, कार्बन असे पदार्थ बदलत गेले. उतारावर साठणारा वेग मात्र कुठेतरी उष्णता होऊनच बाहेर पडतो. ती कुठे जाणार, हे ठाऊक असलेल्या ग्राहकाला स्वस्त रिम महाग पडत नाही.