फिलाडेल्फियांतील बिऱ्हाड

परदेशांतील एखाद्या मोठ्या शहराचें वर्णन म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें उंच इमारती आणि दिव्यांचा लखलखाट उभा राहतो. परंतु तेथें बिऱ्हाड करून राहावयास गेलेल्या माणसाची पहिली गांठ पडते ती चूल, अंथरूण आणि अंगावरचें वस्त्र यांच्याशीं.

७ एप्रिल १८८३ रोजीं आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून आगबोटींत बसल्या, तेव्हां त्यांना अठरा वर्षें नुकतींच पुरीं झालीं होतीं. जूनमध्यें न्यूयॉर्क बंदरीं उतरून त्या रोझेल गांवीं कार्पेंटरबाईंच्या घरीं राहिल्या. तेथें त्यांना आईची माया मिळाली. ऑक्टोबरांत मात्र फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत नांव दाखल झालें आणि खरें परदेश सुरू झालें.

१८८० च्या शिरगणतींत या शहराची वस्ती ८,४७,१७० भरली होती. १८८१ सालीं मुंबईची ७,७३,१९६. तेव्हां मुंबई व कलकत्ता पाहिलेल्या बाईंना गर्दीचें अप्रूप तें काय वाटणार? घोड्यांची ट्रामहि मुंबईंत १८७४ पासून चालूच होती. नवें होतें तें रस्त्यांचें वळण, किंबहुना वळण नसणें! विल्यम पेन यानें १६८२ सालीं वसविलेल्या या नगरांत रस्ते दोरी धरून आंखल्यासारखे सरळ. एका दिशेच्या कित्येकांना चेस्टनट, वॉलनट, स्प्रूस, पाइन अशीं झाडांचीं नांवें, तर त्यांना छेदणाऱ्यांना नुसते आंकडे. पुण्याच्या पेठांतल्याप्रमाणें घर शोधण्यासाठीं चौघांना विचारण्याचें कारणच नाहीं.

पण हिंवाळा आला. आनंदीबाईंच्या खोलींतली शेगडी नीट ओढ घेत नसे. विस्तव केला तर खोली धुरानें कोंदे, न करावा तर हातपाय गारठत. मांसाहार वर्ज्य, म्हणून अभ्यास संभाळून आपलें अन्न आपणच रांधावयाचें. नऊवारी लुगड्यानें पोटऱ्या उघड्या राहतात. तेथील रीतीला आणि थंडीला, दोहोंनाहि तें सोसेना, म्हणून त्यांनीं गुजराती पद्धतीनें साडी नेसण्यास आरंभ केला. पाश्चात्य झगा मात्र पत्करला नाहीं. १८८५ सालच्या एका छायाचित्रांत त्या, जपानच्या केइ ओकामी व सीरियाच्या साबात इस्लांबुली अशा तिघी विद्यार्थिनी आपापल्या देशींच्या पोषाखांत बसल्या आहेत. असला निश्चय मुलखावेगळा खरा, पण त्याची किंमत शरीरानें मोजावी लागते.

११ मार्च १८८६ रोजीं त्यांना पदवी मिळाली. त्या समारंभासाठीं पंडिता रमाबाई इंग्लंडहून आपल्या लहानग्या मनोरमेसह आल्या, आणि १८८८ पर्यंत त्या देशांत राहिल्या. फिलाडेल्फियांत त्यांनीं बालोद्यान शिक्षणाची फ्रोबेलपद्धति अभ्यासिली. ‘यूनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हें त्यांचें पुस्तक १८८९ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत प्रेक्षणीय स्थळांपेक्षां माणसें अधिक आहेत: घरें कशीं चालतात, मुली काय शिकतात, बायका एकत्र जमून संस्था कशा चालवितात. स्तुति मोकळ्या मनानें केली आहे. पण वर्णद्वेषावर पांघरूण घातलेलें नाहीं.

विद्वत्तेच्या दृष्टीनें रमाबाईंचा ग्रंथ निःसंशय मोठा. तरी परक्या शहरांत रोजचा दिवस कसा काढावा लागतो हें समजून घ्यावयाचें, तर मी आनंदीबाईंच्या पत्रांकडेच वळेन. रमाबाई व्याख्यानें देत देशभर हिंडल्या. आनंदीबाईंना त्याच शहरांत एकामागून एक हिंवाळे काढावयाचे होते.

क्षयानें ग्रासलेल्या आनंदीबाई १८८६ च्या अखेरीस स्वदेशीं परतल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांत स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली होती. ती त्यांना संभाळतां आली नाहीं. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यांत त्यांचें देहावसान झालें. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यांत आली. त्यांनीं ती न्यूयॉर्क संस्थानांतील पोकिप्सी येथें आपल्या कुटुंबाच्या स्मशानभूमींत ठेविली, आणि वर आनंदीबाईंच्या नांवाचा दगड उभारला.