रॉकी खरंच घाबरला होता का?



चित्रपटाचा इतिहास म्हटला की आपण नटांचा, दिग्दर्शकांचा, स्टुडिओंचा इतिहास सांगतो. पण प्रेक्षकांच्या मतांनाही इतिहास असतो, आणि तो पुष्कळदा जास्त बोलका असतो. आज आपण तो एकाच चित्रपटाच्या आधारे पाहू. 'एंजल्स विथ डर्टी फेसेस' हा वॉर्नर ब्रदर्सचा १९३८ सालचा कृष्णधवल गँगस्टरपट. दिग्दर्शक मायकल कर्टिझ, नायक जेम्स कॅग्नी. याच्या शेवटच्या काही मिनिटांवर आजही प्रेक्षकांचं एकमत नाही.

ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगू. न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीतली दोन मुलं, रॉकी आणि जेरी, मालगाडीच्या डब्यात चोरी करायला शिरतात. पोलीस मागे लागतात. जेरी जोरात पळतो आणि सुटतो. रॉकी सापडतो आणि सुधारगृहात जातो. जेरी गुन्हा कबूल करायला तयार असतो, पण रॉकीच त्याला थांबवतो. पुढे जेरी पाद्री होतो, रॉकी नामचीन गुंड. वस्तीतली पोरं रॉकीला देव मानतात. अखेर फादर जेरीच्या जिवावर उठलेल्या दोघांना रॉकी ठार करतो आणि त्याला विजेच्या खुर्चीची शिक्षा होते. (त्या दोघांतला वकील म्हणजे हंफ्री बोगार्ट, बरं का!)

आता कळीचा प्रसंग. फादर जेरी तुरुंगात येऊन मागणं मागतो, की मरताना भ्याडासारखा मर. तू ताठ मानेनं गेलास तर ही पोरं तुझ्याच वाटेनं जातील. रॉकी साफ नाही म्हणतो. आयुष्यात कमावलेलं तेवढं एकच त्याच्यापाशी उरलेलं असतं, तेही हा मित्र मागतोय! तो ताठ चालत जातो, आणि मग अचानक रडतो, ओरडतो, गयावया करतो. कॅमेरा त्या वेळी त्याचा चेहरा दाखवत नाही. दिसतात त्या भिंतीवरच्या सावल्या आणि धरून ठेवणारे हात.

मग तो खरंच घाबरला, की मित्राचा शब्द राखला?

प्रेक्षकांचे इथे तट पडतात. एक तट म्हणतो, मृत्यू समोर दिसल्यावर भल्याभल्यांची गाळण उडते, रॉकी काही वेगळा नव्हता. दुसरा म्हणतो, ज्यानं क्षणापूर्वी नकार दिला तो क्षणात बदलतो तो प्रेमापोटीच. तिसरा तट आपल्यासारख्या तत्त्वज्ञानवाल्यांचा. तो म्हणतो, ढोंग करता करता भीती खरी झाली असेल! कॅग्नीनं १९७६च्या आत्मचरित्रात लिहिलं आहे, की त्यानं तो प्रसंग मुद्दाम संदिग्ध ठेवला. आणि लहान मुलं त्याला रस्त्यात गाठून विचारत, की ते तू फादरसाठीच केलंस ना? ही मुलांची गोष्ट जरा ध्यानात ठेवा. तिच्याकडे आपण परत येणार आहोत.

हा वाद समजायला थोडं मागे जावं लागतं. 'लिटल सीझर' आणि 'द पब्लिक एनिमी' १९३१चे, 'स्कारफेस' १९३२चा. मंदीचे दिवस होते. बँका बुडत होत्या, लोक बेकार होते, आणि पडद्यावर गल्लीतला पोऱ्या पिस्तुलाच्या जोरावर मोठा होत होता. सुधारकांना धास्ती पडली. पेन फंडाच्या आधारानं चित्रपट आणि मुलं यांवर अभ्यास झाले; १९३३ पासून ते प्रसिद्ध होऊ लागले. 'स्कारफेस'साठी तर नायकाला फाशी होते असा वेगळा शेवट चित्रित करावा लागला. हॉलिवूडची आचारसंहिता १९३० सालीच झाली होती. तिच्या कर्त्यांपैकी एक, डॅनियल लॉर्ड, हा जेझुइट पाद्री. १९३४ पासून जोसेफ ब्रीन यांच्या हाताखाली तिचा कडक अंमल सुरू झाला. गुन्हेगाराकडे प्रेक्षकांची सहानुभूती वळता कामा नये, हे तिचं मुख्य सूत्र.

आता चित्रपटाकडे पुन्हा बघा. फादर जेरी रॉकीकडे जे मागतो, तेच आचारसंहिता स्टुडिओकडे मागत होती: या माणसाला पोरांच्या नजरेतून उतरवा. चित्रपटानं ते अक्षरशः पाळलं. पडद्यावरची पोरं वर्तमानपत्रात वाचतात की रॉकी भेदरून मेला, आणि त्यांचा देव कोसळतो. पण थिएटरात बसलेल्या पोरांना आतली गोष्ट ठाऊक होती! फादरचं मागणं त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. म्हणून तर ती कॅग्नीला तो प्रश्न विचारत. रॉकी त्यांच्या नजरेतून उतरला नाही, उलट चढला. नियम पाळला गेला आणि त्याचा हेतू मात्र हातातून निसटला.

रॉबर्ट वॉरशो या समीक्षकानं १९४८ साली गँगस्टरला शोकांतिकेचा नायक म्हटलं. त्याच्या मते प्रेक्षक गुंडाच्या चढण्यात स्वतःला पाहतो आणि त्याच्या पडण्यानं सुटकाही अनुभवतो. रॉकीच्या बाबतीत हे जरा वेगळं होतं. इथे पडणं हेच चढणं ठरतं.

पण आमच्या मते खरा पेच यापुढे आहे. रॉकी घाबरला की नाही यावर आपण तावातावानं बोलतो, आणि फादर जेरी सुटून जातो. पोरं त्याला विचारतात, छापलंय ते खरं का? तो सांगतो, खरं आहे. हे त्यानं सांगावं का? कांटला विचाराल तर १७९७चा त्याचा निबंध स्पष्ट आहे: खुन्यालासुद्धा खोटं सांगू नये. आपल्याकडे कर्णपर्वात कौशिकाची कथा आहे. दरोडेखोरांना खरं सांगून त्यानं निरपराध माणसं मारवली आणि नरकात गेला. टिळकांनी 'गीतारहस्या'त सत्याच्या अपवादांचा ऊहापोह केला आहे, तो याच वाटेनं जातो. पण नीट बघा, या सगळ्या उदाहरणांत खोटं सांगायचं ते मारेकऱ्याला. फादर जेरी खोटं सांगतो ते ज्यांना वाचवायचंय त्या मुलांनाच.

त्या असत्यानं मुलं कदाचित विजेच्या खुर्चीपासून वाचतील. पण एक गुंड मित्राखातर आणि त्यांच्याखातर आपलं नावसुद्धा सोडून देऊ शकतो, हे त्यांना कधीच कळणार नाही. रॉकीकडून शिकण्यासारखं जे एकमेव होतं, तेच त्यांच्यापासून लपवलं गेलं. मग फादर त्यांना प्रार्थनेला बोलावतो, माझ्याइतकं जोरात पळू न शकलेल्या एका मुलासाठी. हे मात्र शंभर टक्के खरं. पण त्याचा अर्थ त्यांतल्या एकालाही लागत नाही.

तेव्हा हा चित्रपट पुन्हा पाहाल, आणि शक्यतो घरातल्या मुलांबरोबर पाहाल, तेव्हा रॉकीचं काय ते ठरवाच. त्याबरोबर मुलांना एवढंही विचारा: त्या पोरांच्या जागी तुम्ही असता, तर तुम्हाला खरं कळायला हवं होतं का? उत्तर काय येतं ते ऐकायला आम्हाला आवडेल.