सर्पगंधा आणि आत्याबाई

नायगावच्या आमच्या वाड्यात 1962 च्या पावसाळ्यात आत्याबाई अबोल झाल्या. एरवी लेकीसुनांची थट्टा करणाऱ्या; पण आता उंबऱ्याशी बसून राहत, अन्नावर वासना नसे, पहाटे तीनलाच जाग येई. मंडळी म्हणाली, बाहेरचे आहे. देवऋषी झाला, नवस झाले. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांकडे कोण पाहणार?

त्या गोळ्या सर्पगंधेच्या. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये या मुळीचा गुण विलायतेतील हृदयरोगाच्या नियतकालिकात मांडला आणि आपली घरगुती मुळी जगभर गेली. 1952 मध्ये स्वित्झर्लंडात तिचे सत्त्व, रेसरपिन, वेगळे काढण्यात आले. पण ते घेणारे काही रोगी खिन्न होऊ लागले. मेंदूतील सेरोटोनिनसारखी द्रव्ये ते आटवते असे दिसल्यावर, खिन्नता हाही शरीराचाच रोग असावा, हा विचार बळावला. 1957 मध्ये त्याच देशातील रोलंड कून यांनी इमिप्रामिन खिन्नतेवर चालते असे प्रसिद्ध केले. तोवर 1938 पासूनचे विजेचे झटके, हाच काय तो मोठा इलाज!

नांदेडच्या एका वयस्क डॉक्टरांनी, "आक्का, ही गोळी उद्यापासून बंद," एवढेच सांगितले. दिवाळीला आत्याबाई चकल्या तळायला बसल्या.

मी कित्येक वर्षे दोष मुळीलाच दिला. अलीकडे अभ्यासकांनी जुने पुरावे तपासले. तो संबंध वाटला तितका पक्का नाही, असे ते म्हणतात. त्या वर्षीच्या वैशाखात आत्याबाईंचा थोरला गेला होता. घरात त्याचे नाव कोणी काढत नसे. डॉक्टर मात्र गोळी बदलून झाल्यावर तासभर त्याच्याविषयीच विचारत बसले होते.