जागल कुणाची आणि मोजमाप कुणाचे?

रानडुकरांनी पीक उद्ध्वस्त केले की पंचनामा होतो, तुटपुंजी रक्कम मंजूर होते आणि विषय संपतो. हा प्रश्न वनखात्याचा, फार तर कृषीखात्याचा, असे आपल्याला सांगितले जाते. यात जातीचा काय संबंध, असेही विचारले जाते. आम्ही म्हणतो, संबंध आहे. जंगलाच्या कडेला वावर कुणाचे, ते इतके लहान का, त्यातले नुकसान कोण मोजतो आणि मोजायला कुणाला शिकू दिले जाते, या चारही प्रश्नांची उत्तरे आपल्या इतिहासात आहेत. त्या इतिहासाची सुरुवात एका शिष्यवृत्तीने होते.

जून १९१३ मध्ये बाबासाहेबांनी बडोदा संस्थानाशी करार केला. महाराजा सयाजीराव गायकवाडांनी तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली आणि बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. परत आल्यावर १९१८ मध्ये त्यांनी इंडियन इकॉनॉमिक सोसायटीच्या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. विषय होता भारतातल्या लहान शेतजमिनी आणि त्यावरचे उपाय. ज्या समाजाला गावाने जमिनीपासून दूर ठेवले, त्या समाजातला तरुण शिष्यवृत्तीवर शिकून देशाच्या शेतीचे निदान करत होता.

त्या काळचे तज्ज्ञ म्हणत होते की, जमिनीचे फार तुकडे झालेत, म्हणून शेतकरी गरीब आहे. तुकडे जोडा, जमीन मोठी करा. बाबासाहेबांनी हा तर्कच उलटवला. जमीन परवडणारी आहे की नाही, हे नुसत्या तिच्या आकारावरून ठरत नाही. तिच्या जोडीला भांडवल किती, अवजारे किती, श्रम किती, यावर ते ठरते. शेतीवर जगणारी माणसे जास्त आणि भांडवल कमी, हे खरे दुखणे. त्यावर औद्योगिकीकरण हा उपाय, असे त्यांनी मांडले. या निबंधात त्यांनी बडोदा संस्थानाच्याच एकत्रीकरण समितीचा अहवाल तपासला आणि त्यातल्या उणिवा दाखवल्या. ज्यांच्या पैशावर शिकले, त्यांच्याच समितीची चिकित्सा! शिष्यवृत्ती म्हणजे मिंधेपणा नव्हे, हा धडा आपल्याला तिथे मिळतो.

१० ऑक्टोबर १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात लहान शेतकऱ्यांविषयीच्या विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी हीच भूमिका घेतली. तुकडे जोडण्याच्या नावाखाली लहान शेतकरी भूमिहीन होईल, हा धोका त्यांनी सांगितला आणि सहकारी शेतीचा मार्ग सुचवला. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये तर त्यांनी शेतजमीन राज्याच्या मालकीची करून ती जातपात न बघता कसायला द्यावी, अशी मागणी केली.

ती मागणी मान्य झाली नाही. म्हणून आपल्या माणसांना रस्त्यावर यावे लागले. १९५९ मध्ये आणि पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. पडीक जमीन द्या, गायरान द्या, म्हणत बायाबापड्या लेकरांसह तुरुंगात गेल्या. पुढे २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पूर्वीची गायरानावरची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. ते सगळ्यांच्या पदरात पडले का? गावोगाव अजूनही सातबाऱ्यासाठी खेटे चालू आहेत.

आणि मिळाली ती जमीन कोणती? नदीकाठची काळी नव्हे. माळ, बरड, गायरान, जंगलाला टेकलेले पडीक. देशाच्या २०१५-१६ च्या कृषी गणनेत सरासरी वहितीक्षेत्र १.०८ हेक्टर आहे. अनुसूचित जातींचे आहे ०.७८ हेक्टर, म्हणजे दोन एकरांच्याही आत. आता इथे जंगली जनावर येते.

चंद्रपूर जिल्ह्यातले ताडोबा १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९९५ मध्ये ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प झाला. जंगल वाचले पाहिजे, वाघ वाचला पाहिजे, याबद्दल आमचे दुमत नाही. आमचे भांडण रानडुकराशी किंवा रोह्याशी नाही. वाघ वाचवण्याचा खर्च कुणाच्या ताटातून वसूल होतो, एवढेच आम्ही विचारतो आहोत.

बाबासाहेबांच्याच पद्धतीने हिशेब करू. एक एकराच्या चौकोनी वावराला चारी बाजूंनी कुंपण घालायला सुमारे ८३५ फूट तार लागते. सलग सोळा एकराच्या वावराला लागते सुमारे ३,३४० फूट, म्हणजे एकरी जेमतेम २०९ फूट. लहान शेतकऱ्याला एकरामागे चौपट कुंपण! सौर कुंपणाला अनुदान मिळाले तरी स्वतःचा हिस्सा कुठून आणायचा? मग उरते ती जागल. एकर राखायचा असो की दहा एकर, माचाणावर माणूस रात्रभर जागतोच. सकाळी तोच माणूस दुसऱ्याच्या वावरात मजुरीला जातो, नाहीतर त्या दिवसाची मजुरी बुडते. ही रात्रीची मजुरी कुठल्या खर्चात धरली जाते? कुठल्याच नाही. एकेकाळी आपल्या वाडवडिलांनी वतनाच्या नावाखाली गावाची राखण केली. आज त्यांची नातवंडे वाघाच्या जंगलाशेजारी स्वतःचे तुरीचे शेत राखतात आणि तरी ते राखले जात नाही.

भरपाईचे गणितही पाहा. २०१५ च्या शासन निर्णयाप्रमाणे २,००० रुपयांपर्यंतचे नुकसान पूर्ण द्यायचे, त्यावरच्या रकमेचे निम्मे, आणि एकूण कमाल २५,०००. म्हणजे २०,००० चे पीक गेले तर हातात ११,०००. पुढे ही मर्यादा वाढवली गेली, पण मोजण्याची पद्धत बदलली का? पंचनामा होतो नजरेच्या अंदाजाने. मिलिंद वाटवे यांच्या गटाने ताडोबाच्या पश्चिम सीमेवर प्रत्यक्ष शेतात केलेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. जंगलाला लागून असलेल्या शेतात नुकसान ५० टक्क्यांहून जास्त, जंगलापासून जसजसे दूर जावे तसे कमी, असे त्यात आढळले. आणि सरकारी नजरपाहणीचा खऱ्या नुकसानीशी मेळ बसत नाही, ती नुकसान फारच कमी दाखवते, हेही सिद्ध झाले. शेतकरी हेच सांगत होता. त्याच्या सांगण्याला पुरावा मानले जात नव्हते, एवढेच.

आणि हा पंचनामा तरी सगळ्यांचा होतो का? भरपाई सातबाऱ्यावरच्या नावाला. मक्त्याने किंवा बटईने वावर कसणारा भूमिहीन पेरतो, राखतो, गमावतो. कागदावर तो नसतोच. वनजमिनीवरचे अतिक्रमण असेल तर भरपाई नाही. मग वनहक्क कायद्याखाली पट्टा मागा! २००६ च्या त्या कायद्यात आदिवासी नसलेल्या वननिवासींना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. ज्यांच्या आज्या-पणज्यांना गावाने कागदाला शिवू दिले नाही, त्यांनी ७५ वर्षांचा कागद कुठून आणावा?

हे सगळे मोजण्याजोगे आहे. मक्तेदाराचे नुकसान, जागलीची मजुरी, बाईने लेकराला कुशीत घेऊन माचाणावर काढलेल्या रात्री. पण हे मोजायचे सुचणार कुणाला? ज्याच्या घरात जागल झाली त्याला. म्हणून शिष्यवृत्तीवर शिकणारा आपला विद्यार्थी या विषयावर संशोधन करतो, तेव्हा तो नुसती पदवी मिळवत नसतो. १९१८ चा तो निबंध तो पुढे लिहीत असतो.

त्याचीच वाट अडवली जाते. बार्टीच्या अधिछात्रवृत्तीसाठी संशोधकांना प्रयोगशाळा आणि शिवार सोडून आझाद मैदानावर बसावे लागले. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राने राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीच्या नियमांतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळले. विचार करा. कोलंबियात बाबासाहेबांनी अभ्यासलेले विषय होते प्राचीन भारतातला व्यापार, भारतातल्या जाती, भारताचा राष्ट्रीय नफा. या नियमाखाली त्यांचा अर्ज कुठे गेला असता? भारतातल्या लहान शेतजमिनींचा अर्ज तरी टिकला असता का? परदेशी जा, पण आपल्या घराविषयी प्रश्न विचारू नका, असा त्याचा अर्थ होतो.

म्हणून आमच्या मागण्या दोन नाहीत, एकच आहे. कसणाऱ्याला भरपाई द्या, जागलीचे श्रम हिशेबात धरा, नजरेऐवजी शास्त्रीय पद्धतीने मोजा. आणि ते मोजणाऱ्या आपल्या पोरापोरींची अधिछात्रवृत्ती वेळेवर आणि पूर्ण द्या. शेत आणि शिष्यवृत्ती हे आपल्यासाठी वेगळे प्रश्न कधीच नव्हते. बाबासाहेबांनी १९१८ मध्येच ते एकत्र बांधले आहेत.

जय भीम!