तिजोरीची किल्ली : कन्व्हर्जन थेरपीला पैसा कुणी पुरवला आणि तो कसा थांबला

२ ऑगस्ट २०१९. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्याचे गव्हर्नर रॉय कूपर यांनी एका कार्यकारी आदेशावर सही केली. या आदेशाने कोणताही उपचार बेकायदा ठरला नाही, कोणाचा परवाना गेला नाही, कोणाला दंडही झाला नाही. आदेशाचा आशय एवढाच होता की अठरा वर्षांखालील मुलांवर होणाऱ्या कन्व्हर्जन थेरपीसाठी राज्याच्या आरोग्य खात्याकडील सार्वजनिक निधी वापरला जाऊ नये.

समलिंगी व्यक्तीला भिन्नलिंगी ‘बनवण्याच्या’ किंवा एखाद्याची लिंगओळख बदलण्याच्या प्रयत्नांना कन्व्हर्जन थेरपी म्हणतात. हा प्रकार धर्मगुरूंच्या खोलीत किंवा खाजगी दवाखान्यात चालतो, असा सर्वसाधारण समज आहे. मग सरकारी तिजोरीला कुलूप लावण्याची वेळ का आली? कारण या उपचाराच्या जडणघडणीत सरकारी पैशाचा वाटा फार जुना आहे, आणि तो चोरवाटेने नव्हे, रीतसर अनुदान म्हणून आला होता.

त्यासाठी १९५३ सालाकडे जावे लागते. त्या वर्षी एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या आदेश क्रमांक १०४५० ने ‘लैंगिक विकृती’ हे संघीय नोकरीसाठी अपात्रतेचे कारण ठरवले. असंख्य समलिंगी कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या त्यामुळे गेल्या. नेमक्या त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाशी संबंधित मानसशास्त्रज्ञ एव्हलिन हूकर यांनी राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेकडे (एनआयएमएच) अनुदानासाठी अर्ज केला. समलिंगी पुरुष मुळात मानसिकदृष्ट्या आजारी असतात का, हे त्यांना तपासायचे होते. तोवरचे बहुतेक संशोधन तुरुंगातील किंवा मनोरुग्णालयातील पुरुषांवर झालेले होते. रुग्णालयातच माणसे शोधली तर ती रुग्ण सापडणार, यात नवल ते काय!

सरकारच्या एका हाताने नोकऱ्या हिरावल्या जात असताना दुसऱ्या हाताने हे अनुदान मंजूर झाले.

हूकर यांनी तीस समलिंगी आणि तीस भिन्नलिंगी पुरुष निवडले. वय, शिक्षण आणि बुद्ध्यंक जुळवून त्यांच्या जोड्या लावल्या. सहभागी पुरुषांची ओळख उघड होऊ नये म्हणून मुलाखती विद्यापीठात न घेता स्वतःच्या घराच्या आवारात घेतल्या. शाईच्या डागांच्या चाचणीसह तीन चाचण्यांचे निकाल नावे झाकून त्या त्या चाचणीच्या नामांकित तज्ज्ञांकडे गेले. शाईच्या डागांच्या चाचणीतले अधिकारी मानले जाणारे ब्रुनो क्लॉपफर त्यांपैकी एक. कोणता निकाल समलिंगी पुरुषाचा आणि कोणता भिन्नलिंगी पुरुषाचा, हे तज्ज्ञांना ओळखता आले नाही. १९५७ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. १९७३ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनने समलैंगिकता मानसिक विकारांच्या यादीतून वगळली, त्या निर्णयामागील पुराव्यांत या निबंधाला मानाचे स्थान होते.

सरकारी पैशाची कथा इथेच संपली असती तर तो एक उजळ अध्याय ठरला असता. परंतु त्याच यूसीएलए विद्यापीठात, त्याच एनआयएमएचच्या अनुदानावर, १९७० च्या दशकात दुसरा प्रकल्प उभा राहिला. त्याचे नाव ‘फेमिनाइन बॉय प्रोजेक्ट’.

प्रकल्पाचे प्रमुख होते ईव्हार लोव्हास. स्वमग्न मुलांवरील वर्तनोपचारासाठी त्यांचे नाव आजही घेतले जाते. त्यांच्यासोबत जॉर्ज रेकर्स हा तरुण संशोधक काम करत होता. ‘बायकी’ वागणारे मुलगे पुढे समलिंगी होतात; तेव्हा बालपणीच त्यांचे वागणे वळवले तर पुढचे टळेल, हे त्यामागचे गृहीतक. १९७४ साली दोघांनी एका मुलाची हकिगत शोधनिबंधात मांडली. निबंधात त्याला ‘क्रेग’ हे टोपणनाव दिले होते. उपचार सुरू झाले तेव्हा तो जेमतेम पाच वर्षांचा होता.

उपचारपद्धती समजून घेण्यासारखी आहे, कारण ती क्रूरपणाच्या आवेशात नव्हे, शास्त्राच्या थंड भाषेत लिहिलेली आहे. प्रयोगशाळेतील खोलीत दोन प्रकारची खेळणी मांडलेली असत : एका बाजूला ‘मुलांची’, दुसऱ्या बाजूला ‘मुलींची’. मुलाने पहिली खेळणी उचलली की आईने कौतुक करायचे. दुसरी उचलली की तोंड फिरवून पुस्तकात डोके घालायचे. घरी रंगीत चकत्यांची योजना होती. ‘पुरुषी’ वागण्याला निळी चकती, तिच्या बदल्यात खाऊ. ‘बायकी’ वागण्याला लाल चकती, तिच्या बदल्यात दंड. आणि त्या दंडात वडिलांच्या हातचा मारही होता. किती चकत्या, किती मिनिटे, किती टक्के सुधारणा, या सर्वांचे आलेख निबंधात आहेत. आणि सरकारी अनुदानाचा क्रमांकही आहे.

निबंधाने उपचार यशस्वी झाल्याचे जाहीर केले. रेकर्स यांनी पुढील कित्येक वर्षे लेखांतून आणि पुस्तकांतून या यशाचा दाखला दिला. २०११ साली अमेरिकी वृत्तवाहिनीने त्या मुलाच्या कुटुंबाचा शोध घेतला, तेव्हा दुसरी बाजू उजेडात आली. तो मुलगा मोठेपणी समलिंगीच होता आणि २००३ साली, अडतिसाव्या वर्षी, त्याने आपले आयुष्य संपवले होते. लहानपणीच्या त्या उपचारांनी त्याला मोडून टाकले, असे भावंडांचे आणि आईचे म्हणणे होते. एका मृत्यूचे कारण एकाच गोष्टीत शोधणे इतिहासाला शोभत नाही. पण ज्या ‘यशा’वर इतर मुलांचे उपचार बेतले गेले ते यश मुळात नव्हतेच, एवढे निश्चित. २०२० साली संबंधित नियतकालिकाने त्या निबंधासोबत चिंता व्यक्त करणारी संपादकीय टिपणी जोडली. निबंध मात्र मागे घेतला गेला नाही.

यूसीएलएमध्येच अशा मुलांचा अभ्यास सुरू करणारे रिचर्ड ग्रीन यांनी मुले मोठी होईपर्यंत त्यांचा मागोवा घेतला. १९८७ च्या त्यांच्या पुस्तकानुसार मागोवा लागलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मुलगे समलिंगी किंवा उभयलिंगी झाले होते, आणि उपचार घेतल्या-न घेतल्याने त्यात फरक पडला नव्हता. रेकर्स यांची वाटचाल वेगळी झाली. २००८ साली समलिंगींना मूल दत्तक घेण्यास बंदी करणाऱ्या फ्लोरिडाच्या कायद्याच्या बचावासाठी त्यांनी तज्ज्ञ म्हणून साक्ष दिली. त्यासाठी राज्याने त्यांना सुमारे १ लाख २० हजार डॉलर मोजले. न्यायाधीशांनी ती साक्ष विश्वासार्ह मानली नाही. म्हणजे पैसा पुन्हा करदात्यांचाच!

संशोधन अनुदानाचा ओघ आटल्यावर सरकारी पैसा दुसऱ्या वाटेने जाऊ लागला. ही वाट उपचारांच्या बिलांची. मेडिकेड ही केंद्र आणि राज्ये मिळून अल्प उत्पन्न गटासाठी चालवतात ती आरोग्य योजना. तिचे पैसे संकेतांकांवर मिळतात : कोणते निदान, कोणती सेवा, किती मिनिटे. कन्व्हर्जन थेरपीला स्वतंत्र संकेतांक नाही. १९८० च्या डीएसएममध्ये स्वतःच्या समलैंगिकतेने अस्वस्थ असणाऱ्यांसाठी एक निदान शिल्लक ठेवले होते, तेही १९८७ मध्ये काढले गेले. त्यानंतर बिलावर दिसू शकते ते फक्त ‘मानसोपचार, ४५ मिनिटे’ आणि निदानाच्या रकान्यात ‘नैराश्य’ किंवा ‘चिंताविकार’. खोलीत प्रत्यक्षात काय बोलले गेले, हे हिशेबनीसाला कळण्याचा मार्ग नाही.

२०११ साली हा प्रश्न चव्हाट्यावर आला. राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीत उतरलेल्या एका नेत्याच्या पतीचे मिनेसोटात समुपदेशन केंद्र होते. २००५ पासून त्या केंद्राला मेडिकेडमधून सव्वा लाखाहून अधिक डॉलर मिळाल्याचे बातम्यांत आले, आणि तेथे समलिंगींना ‘बदलण्याचे’ समुपदेशन होत असल्याचे छुप्या चित्रीकरणातून समोर आले. असे समुपदेशन केवळ रुग्णाने मागितल्यास होते, असे केंद्राकडून सांगण्यात आले. त्यातील कोणता डॉलर कोणत्या तासासाठी खर्च झाला, हे बिलांवरून सिद्ध होणे शक्यच नव्हते. खरी अडचण तीच होती.

पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियाने परवानाधारक उपचारकांना अल्पवयीनांवर ही थेरपी करण्यास मनाई करणारा देशातील पहिला कायदा केला. परंतु असा कायदा करायला विधिमंडळात बहुमत लागते. न्यूयॉर्कमध्ये असे विधेयक सिनेटमध्ये अडकून पडत होते. तेव्हा फेब्रुवारी २०१६ मध्ये गव्हर्नर अँड्र्यू कुओमो यांनी विधिमंडळाला वळसा घातला. विमा नियामकाने खाजगी विमा कंपन्यांना अल्पवयीनांच्या या थेरपीचा खर्च देण्यास मनाई करायची, मेडिकेडने पैसे द्यायचे नाहीत, आणि मानसिक आरोग्य खात्याच्या अखत्यारीतील संस्थांनी मुलांवर ही थेरपी करायची नाही. कायद्याचे एकही कलम न बदलता तिन्ही दारे बंद! पूर्ण कायदा संमत झाला तो थेट जानेवारी २०१९ मध्ये, सिनेटमधील बहुमत पालटल्यावर.

कूपर यांचा आदेश याच वाटेवरचा. नॉर्थ कॅरोलिनाच्या विधिमंडळात बंदीचे विधेयक पुढे सरकत नव्हते. २०२१ मध्ये विस्कॉन्सिन, मिशिगन आणि मिनेसोटा, २०२२ मध्ये पेनसिल्व्हेनिया, २०२३ मध्ये ॲरिझोना येथील गव्हर्नरांनीही हाच मार्ग धरला. त्यापैकी मिशिगन आणि मिनेसोटात २०२३ साली पूर्ण कायदे झाले. केंद्रात मात्र मेडिकेडचा निधी रोखणारे विधेयक २०१९ मध्ये मांडले गेले, ते संमत झाले नाही.

या मार्गामागे एक कायदेशीर हिशेबही आहे, आणि त्यात इतिहासाची गंमत आहे. परवान्यावरील बंदीला भाषणस्वातंत्र्याच्या नावाने आव्हान देता येते. कोलोरॅडोच्या कायद्याचा असा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याची सुनावणी झाली. निधी न देण्याचा प्रश्न निराळा. १९९१ च्या ‘रस्ट विरुद्ध सुलिव्हन’ खटल्यात न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी म्हटले होते की सरकारने एखाद्या समुपदेशनाला पैसा नाकारणे म्हणजे त्या बोलण्यावर बंदी घालणे नव्हे. तो खटला होता कुटुंबनियोजन केंद्रांतील गर्भपाताच्या सल्ल्याविषयी, आणि निर्णयाचे स्वागत रूढीवादी गोटात झाले होते. पंचवीस वर्षांनी तेच तर्कशास्त्र विरुद्ध बाजूच्या गव्हर्नरांच्या कामी आले.

भारताने वेगळी वाट धरली. २००१ साली एका अग्रगण्य सरकारी रुग्णालयातील अशा उपचारांविरुद्ध राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे तक्रार गेली. कलम ३७७ लागू असल्याच्या काळात आयोगाने तिच्यात लक्ष घातले नाही. जून २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाचे न्या. एन. आनंद व्यंकटेश यांनी असे उपचार रोखण्याचे आदेश दिले, आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने कन्व्हर्जन थेरपी हे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवले. महाराष्ट्राची परिषदही त्यात आली. इथे बोट ठेवले गेले ते डॉक्टरच्या नोंदणीवर, सरकारी निधीवर नव्हे.

निधी रोखण्याच्या आदेशाला मर्यादा होत्याच. रोख पैसे मोजणाऱ्या कुटुंबापर्यंत तो पोहोचत नाही. धर्मगुरूच्या खोलीतही पोहोचत नाही. बिलावर ‘नैराश्य’ लिहिणाऱ्यालाही तो लगेच पकडू शकत नाही. पण एखाद्याने तक्रार केली तर सरकारी योजनेला खोटे बिल दिल्याचा प्रश्न उभा राहतो, आणि दवाखाने त्याला वचकून असतात.

सर्वांत मोठी मर्यादा केंटकीमध्ये दिसली. सप्टेंबर २०२४ मध्ये गव्हर्नर अँडी बेशियर यांनी अल्पवयीनांच्या कन्व्हर्जन थेरपीसाठी राज्य आणि केंद्राचा निधी वापरण्यास मनाई करणारा आदेश काढला. विधिमंडळात विरोधकांचे भक्कम बहुमत होते. त्यांनी तो आदेश निष्प्रभ करणारे विधेयक क्रमांक ४९५ संमत केले. बेशियर यांनी नकाराधिकार वापरला. मार्च २०२५ मध्ये विधिमंडळाने तो नकाराधिकारही मोडून काढला. सहा महिन्यांपूर्वी एका सहीने बंद झालेले दार मतदानाने पुन्हा उघडले.